पोटभर जेवूनही बाळ लहान का?

“पहिल्या महिन्यापासून तिला काही कमी पडू दिलं नाही. दूध, तूप, शेंगदाण्याचे लाडू, सगळं वेळच्या वेळी दिलं. मग बाळ सव्वादोन किलोचंच कसं?” बाळंतिणीच्या खाटेजवळ हा प्रश्न हमखास निघतो. कधी आजी विचारते, कधी सासू विचारते. पुष्कळदा बाळंतीण स्वतःलाच विचारत राहते, आणि ‘आपलंच काही चुकलं’ असं मनाशी धरून बसते.

हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो. आईच्या ताटातला घास थेट बाळापर्यंत जात नाही. मध्ये एक अवयव असतो, त्याचं नाव वार. डॉक्टर त्याला प्लॅसेंटा म्हणतात. बाळाला काय मिळेल, किती मिळेल आणि केव्हा मिळेल, हे बरंचसं या वारेवर अवलंबून असतं. आणि वार कशी बनेल, याचा मोठा भाग लाडू वळायला घेण्याच्या आधीच ठरून गेलेला असतो. तो कसा, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. लहान म्हणजे किती लहान?

जन्मतः अडीच किलोपेक्षा, म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलं की ‘कमी वजनाचं बाळ’ म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं या गटात होती.

पण नुसतं वजन पाहून भागत नाही, दिवस किती भरले होते तेही पाहावं लागतं. समजा, एका खोलीत दोन बाळं आहेत आणि दोन्ही २४०० ग्रॅमची आहेत. एकाचा जन्म ३६व्या आठवड्यात झाला, दुसऱ्याचा ४०व्या. पहिलं बाळ लवकर आलं आहे, पण त्या आठवड्याच्या मानाने त्याचं वजन ठीक आहे. दुसऱ्याला पूर्ण दिवस मिळूनही ते वाढलेलं नाही. काट्यावर आकडा एकच असला तरी कारणं वेगळी आहेत. पहिल्याच्या बाबतीत प्रसूती लवकर का झाली हे शोधायचं, दुसऱ्याच्या बाबतीत पोटात असताना पोषण कुठे अडलं हे शोधायचं. आपला विषय मुख्यतः या दुसऱ्या बाळाचा आहे.

आईची उंची, आईवडिलांकडून आलेली ठेवण, जुळं असणं, पहिलटकरीण असणं, या सगळ्याचा वजनावर परिणाम होतो. दिवस पूर्ण भरलेलं, अंगाने लहान पण ठणठणीत असलेलं प्रत्येक बाळ आजारी नसतं. चिंता असते ती जेवढं वाढायला हवं होतं तेवढं वाढू न शकलेल्या बाळाची.

२. वार असते तरी कशी?

बाळ बाहेर आल्यावर थोड्या वेळाने वार पडते. प्रसूतिगृहातली सिस्टर ती ट्रेमध्ये घेते आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहते. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, निळसर असते. मधोमध किंवा थोडी बाजूला नाळ रुजलेली असते आणि तिथून रक्तवाहिन्या चहूबाजूंनी पसरलेल्या दिसतात. वार उलटली की आईकडची बाजू दिसते. ती गडद लाल, मऊ, स्पंजासारखी असते आणि पंधरा-वीस फुगीर भागांत विभागलेली असते. हे सगळे भाग जागच्या जागी आहेत ना, हे सिस्टर तपासते, कारण एखादा तुकडा आत राहिला तर बाळंतिणीला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. दिवस भरलेल्या बाळाची वार साधारण अर्धा किलोची, वीत-सव्वा वीत रुंदीची असते.

हा अवयव आईचा की बाळाचा? वार जवळजवळ सगळी बाळाच्याच पेशींची बनलेली असते. फलित झालेल्या त्याच एका पेशीतून बाळही घडतं आणि वारही. आईचा वाटा म्हणजे गर्भाशयाचं अस्तर आणि त्यातल्या रक्तवाहिन्या.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत झाडाच्या फांद्यांसारखे फुटत गेलेले असंख्य बारीक धुमारे असतात. त्यांच्या आतून बाळाचं रक्त वाहतं आणि बाहेरून आईचं. मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. देवाणघेवाण होते ती याच पडद्यातून. दिवस भरत येतात तेव्हा या सगळ्या धुमाऱ्यांचा पृष्ठभाग मिळून सुमारे १०-१२ चौरस मीटर भरतो, म्हणजे एखाद्या मध्यम खोलीच्या जमिनीएवढा.

३. धरण भरलेलं, तरी टेलचं शेत कोरडं

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. धरण काठोकाठ भरलं म्हणून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी मिळेलच असं नाही. त्यासाठी पाट रुंद हवा, चाऱ्या खोदलेल्या हव्यात आणि त्या गाळाने भरलेल्या नसाव्यात. आणि हे काम पाणी सोडायच्या आधी झालेलं असावं लागतं.

आईचं शरीर हे धरण, वार म्हणजे पाट आणि चाऱ्या, आणि बाळ हे टेलचं शेत. आता या चाऱ्या केव्हा खोदल्या जातात ते पाहू.

दिवस राहिल्यावर पहिल्या अडीच-तीन महिन्यांत आईचं रक्त वारेत जोराने खेळत नाही. त्या काळात गर्भाला मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींचा स्राव पोसतो. याच दिवसांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या मळसूत्रासारख्या पिळदार रक्तवाहिन्यांचा कायापालट करतात. अरुंद, आकुंचन पावणाऱ्या वाहिन्या रुंद आणि सैल होतात. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आईचं रक्त वारेच्या पोकळ्यांत खेळू लागतं, आणि रुंदीकरणाचं हे काम विसाव्या आठवड्याच्या सुमारास बरंचसं उरकतं. नवव्या महिन्यात दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे वाहतं, ते या रुंद झालेल्या वाटांमुळेच.

काही गरोदरपणांत हे रुंदीकरण अर्धवट राहतं. मग पुढे आईचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात आणि बाळाची वाढ खुंटते. त्रास दिसतो सातव्या-आठव्या महिन्यात, पण त्याचं मूळ असतं पहिल्या चार-पाच महिन्यांत.

वार बाळाच्या आधी वाढते, हेही लक्षात ठेवायला हवं. चौथ्या महिन्यापर्यंत वार वजनाने बाळाच्या बरोबरीची किंवा जास्तच असते. बाळ झपाट्याने भरतं ते पुढे. विसाव्या आठवड्यात ते सुमारे ३०० ग्रॅमचं असतं, अठ्ठाविसाव्यात साधारण एक किलोचं, आणि त्यानंतर आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमनी वाढतं. शेवटच्या तीन महिन्यांतली ही भर किती पडेल, हे आधीच्या तीन-चार महिन्यांत वार कशी बांधली गेली यावर अवलंबून असतं.

४. पाटातून काय जातं?

प्राणवायू आणि साखर आईकडून बाळाकडे जातात, कारण आईच्या रक्तात त्यांचं प्रमाण जास्त असतं. प्रथिनांचे घटक मात्र वारेला मुद्दाम, शक्ती खर्चून ओढून घ्यावे लागतात. बाळाच्या रक्तात त्यांचं प्रमाण आईपेक्षाही जास्त असतं. लोह आणि कॅल्शियमही असेच ओढून घेतले जातात. शेवटच्या महिन्यांत आईच्या प्रतिकारशक्तीची प्रथिनंही वारेतून बाळाकडे जातात, म्हणून गरोदरपणी आईला दिलेली धनुर्वाताची लस बाळालाही सांभाळते. ही सगळी कामं करायला वारेला स्वतःलाही बरंच इंधन लागतं. गर्भाशयाने रक्तातून घेतलेल्या प्राणवायूपैकी मोठा हिस्सा, सुमारे ४० टक्के, ती स्वतःच वापरते.

आईच्या वाढलेल्या वजनाचा एक हिशेब मांडून पाहू. समजा, नऊ महिन्यांत ११ किलो वजन वाढलं. त्यात बाळ ३ किलो, वार अर्धा किलो, गर्भजल सुमारे ०.८, वाढलेलं गर्भाशय १, स्तन ०.४, आईचं वाढलेलं रक्त १.३ आणि अंगातलं जास्तीचं पाणी दीड किलो. झाले साडेआठ. उरलेले अडीच किलो म्हणजे चरबीची शिल्लक. ती पुढे बाळाला पाजताना कामाला येते.

आता जिचं वजन साडेपाच किलोच वाढलं तिचा हिशेब करा. बाळ, वार, गर्भजल आणि गर्भाशय मिळूनच ५.३ किलो होतात. मग रक्त कुठून वाढायचं? शिल्लक कुठून पडायची? एक तर ती स्वतःचं अंग झिजवते किंवा बाळ लहान राहतं. पुष्कळदा दोन्ही होतं.

५. पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसलं?

जगभर अभ्यासला जाणारा या विषयातला एक मोठा प्रकल्प महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दिवस राहण्याच्या आधीपासून त्यांची वजनं-मापं घेतली, आणि गरोदरपणात काय खाल्लं, किती कष्ट केले, हे नोंदवलं. आहाराचा भाग आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळला.

या स्त्रिया कशा होत्या? वय सरासरी २१, वजन ४२ किलोच्या आत, उंची सुमारे पाच फूट. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २६६५ ग्रॅम. साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलोच्या आसपास होतं.

या अभ्यासातून चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट: आईने एकूण किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं-प्यायलं याच्याशी. म्हणजे नुसत्या भाकरीने पोट भरणं आणि भाकरीबरोबर मेथी, चाकवत किंवा शेपू, वर एखादा पेरू आणि वाटीभर दही असणं यांत बाळाच्या दृष्टीने मोठा फरक होता. पालेभाजीचा हा संबंध सर्वांत ठळक दिसला तो चाळीस किलोपेक्षा कमी वजनाच्या स्त्रियांमध्ये.

दुसरी गोष्ट वारेची. सुमारे चौथ्या महिन्यात सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं. ज्यांची वार तेव्हा मोठी, त्यांचं बाळ जन्माला येताना वजनदार. आणि वारेचा आकार कशाशी जोडलेला निघाला? दिवस राहण्याआधीच्या आईच्या वजनाशी. चाऱ्या किती रुंद खोदल्या जाणार, हे धरणात आधीपासून असलेल्या साठ्यावर ठरत होतं.

तिसरी गोष्ट कष्टांची. विहिरीवरून पाणी भरणं, शेतातली कामं, धुणीभांडी यांचा भार ज्यांच्यावर जास्त, त्यांची बाळं लहान होती.

चौथी गोष्ट अनपेक्षित होती. ही बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. त्यांचं पोट, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव, आणि स्नायू फार कमी भरलेले होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किरकोळ, पण आत चरबीचा वाटा जास्त. आपल्याकडे तरुण, सडपातळ माणसांनाही मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडतो.

याच अभ्यासात साठ टक्क्यांहून जास्त मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र जवळजवळ कुणालाच कमी नव्हतं. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम सर्वांत मंदावलेला दिसला. बी-१२ मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. पालेभाजीतून मिळत नाही.

६. खाणं तुटलं तर, आणि केव्हा तुटलं तर?

१९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची अन्नाची रसद तोडली. शहरांत माणशी दिवसाला हजार कॅलरीही मिळेनाशा झाल्या. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न परत आलं. उपासमारीचा काळ असा नेमका ठाऊक असल्यामुळे, तो गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात गाठला याचा परिणाम संशोधकांना वेगळा काढता आला.

शेवटच्या तीन महिन्यांत उपास घडलेल्यांची बाळं सुमारे ३०० ग्रॅमनी हलकी निघाली. सुरुवातीचे महिने उपाशी गेले आणि नंतर अन्न मिळालं, त्यांच्या बाळांचं वजन जवळजवळ नेहमीएवढं भरलं. पण हीच मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. काट्यावरचं वजन ठीक असलं म्हणजे सुरुवातीची झळ भरून निघालीच, असं म्हणता येत नाही.

७. मुंबईतला रोजचा खाऊ

पुण्याच्या गावांतला संबंध पाहून पुढचा प्रश्न साहजिकच आला: पालेभाजी, फळं आणि दूध मुद्दाम दिलं तर बाळं मोठी होतील का? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून ‘सरस’ नावाच्या प्रकल्पात हे तपासलं. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला; दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. खाऊ दिवस राहण्याच्या आधीपासूनच सुरू केला होता.

सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर वजनात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. पण दिवस राहण्याआधी किमान तीन महिने हा खाऊ मिळालेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी भरली. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही कमी झालं: १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के. पुण्याजवळच्या गावांत दिसलं होतं त्याच्या उलट, इथे फायदा अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांना जास्त झाला. अगदी कृश स्त्रियांच्या बाळांना वजनाचा लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची तूट रोजच्या एका खाऊने भरून निघत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिलं.

८. वारेला काय बाधतं?

रक्तपांढरी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रिया या रेषेखाली होत्या. म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणात निदान १८० दिवस देतात. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी कमी लागतं.

मशेरी आणि तंबाखू. दात घासायला भाजलेली तंबाखू वापरण्याची सवय आपल्या घरांत जुनी आहे, आणि तिला कुणी व्यसनही म्हणत नाही. मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली. चार घास वाढवण्याइतकंच मशेरीचा डबा बंद करणं महत्त्वाचं आहे.

मलेरिया. मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या घातक प्रकारच्या मलेरियाचे जंतू वारेच्या पोकळ्यांत दडून बसतात. आईला कधी ताप जाणवतो, कधी नाही, पण बाळाचं पोषण अडतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मच्छरदाणी आणि रक्ततपासणी हा गरोदरपणाच्या काळजीचाच भाग आहे.

रक्तदाब आणि मधुमेह. वाढलेल्या रक्तदाबाने बाळ लहान राहू शकतं, तर ताब्यात नसलेल्या मधुमेहाने ते अवाजवी मोठं होतं. मोठं बाळ म्हणजे नेहमीच सुदृढ बाळ, असं नाही.

९. मग काय खावं, आणि केव्हापासून?

ताटाबद्दल सांगायचं ते फार महाग नाही. रोज एक पालेभाजी: मेथी, अंबाडी, राजगिरा, शेवगा, जी बाजारात स्वस्त असेल ती. रोज एक फळ. पेरू, बोरं, पपई, मोसंबी यांपैकी काहीही चालेल. पिकलेल्या पपईला घाबरायचं कारण नाही, कच्ची टाळावी. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ, आणि दूध-दही. चालत असेल तर अंडी आणि मासे. पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल’ ही समजूत सोडून द्यावी; ती पाळली तर शेवटच्या महिन्यांत, नेमकं बाळ भरत असताना, त्याचं पोषण तोडल्यासारखं होतं. दुपारी तासभर आडवं होणं आणि पाण्याच्या हंड्यांचं, मोळ्यांचं ओझं घरातल्या दुसऱ्या कुणी उचलणं, हाही पोषणाचाच भाग आहे.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न ‘केव्हापासून’ हा आहे. आपल्याकडे काळजी सुरू होते ती पाळी चुकल्यावर, नाव नोंदवल्यावर, पुष्कळदा तिसरा महिना उलटल्यावर. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस जेवण मिळतं. ते मोलाचं आहे आणि चालूच राहिलं पाहिजे. तरी ते ताट तिच्यापुढे येतं तोवर वारेच्या पुष्कळशा चाऱ्या खोदून झालेल्या असतात.

म्हणून लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच लग्न झालेल्या मुलीचं वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. वजन ४० किलोच्या आसपास असेल तर दिवस राहण्याआधी ते वाढवायला तिला अवधी द्यावा, आणि तो अवधी मागण्याचं बळ घरच्यांनी द्यावं. शाळेत मिळणारी लोहाची आठवड्याची गोळी मुलीने खरोखर गिळावी, हे आईवडिलांनी पाहावं. मुलगी अठरा वर्षांची होण्याआधी लग्न लावू नये, कारण वाढत्या वयाच्या आईचं अंग आणि बाळ एकाच अन्नासाठी ओढाताण करतात. आणि घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खायची वेळ सुनेवर येत असेल, तर ती रीत आधी मोडावी.

लहान बाळ जन्मलं की आईला जबाबदार धरणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं: तिचं बाळ किती भरेल, हे तिच्या नऊ महिन्यांइतकंच तिच्या आधीच्या वीस वर्षांवर ठरलेलं असतं. त्या वीस वर्षांत तिच्या ताटाची काळजी घेणं हे तिच्या माहेराचं, सासरचं आणि सरकारचं काम होतं. ते नीट झालं, तर लाडवांचाही उपयोग होतो.